शेरडांची जागा

मार्गासनीचे चिमाजी पाणाडे आले म्हटलं की वेल्हे खोऱ्यात माणसं बसायला घोंगडं अंथरायची. त्यांच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला आणि तिथं पाणी लागलं नाही, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. खूण करण्याआधी ते देवाला हात जोडत, पण ते लोकांसाठी. मनातून त्यांना पक्कं ठाऊक होतं, पाणी दिसतं ते आपल्यालाच.

यंदाच्या मे महिन्यात मात्र पालीच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर, त्यांनी दाखवलेल्या जागी बोअरची गाडी चारशे फूट खाली गेली आणि नुसता पांढरा फुफाटा उडाला. गाडी निघून गेली. माणसं रिकामे हंडे उचलून टँकरची वाट बघत बसली. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चिमाजींना वाटलं.

तेवढ्यात सगुणाबाईंनी तांब्या पुढं केला. वाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, सगळा जन्म शेळ्यांमागं गेलेला.

"घ्या. सकाळधरनं उन्हात हाय तुमी."

"मला कशाला? तुमालाच न्हाई प्यायला."

"आल्या माणसाला पाणी न्हाई इचारलं तर देवळातली जनाई काय म्हणंल?"

दोन घोट घशाखाली उतरले आणि चिमाजींचे डोळे भरून आले.

"आजी, म्या चुकलो," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "तुमाला काय वाटतं? कुठं असंल पाणी?"

म्हातारी हसली. "मला इचारताय व्हय? मला त्यातलं काय कळतंय! पर जनाईच्या देवळामागं करवंदीची जाळी हाय न्हवं, तितं शेरडं दुपारची पोट टेकून बसत्यात. सावली दुसरीकडं बी हाय. पर तितनं उठत न्हाईत."

चिमाजी सकाळी तिथूनच गेले होते. शेळ्या वाटेत आल्या म्हणून त्यांनी त्यांना हाकललंही होतं.

आता ते जाळीपाशी गुडघ्यावर बसले. वरची माती बाजूला केली, खालची मुठीत घेतली. गार होती. नारळ पिशवीतच राहिला. उठून ते देवळात गेले आणि जनाईपुढं डोकं टेकून कितीतरी वेळ तसेच राहिले. कुणी बघतंय का, याचं भान नव्हतं. काय मागावं तेही सुचेना. "आई, तुझं तू जाण," एवढंच म्हणाले.

सगळा वाडा कुदळी-घमेली घेऊन आला. चिमाजीही खणायला उतरले. दरडीखाली कधीकाळी बुजलेला झरा होता तो. पहिल्या दिवशी ओल लागली, दुसऱ्या दिवशी चिखल. तिसऱ्या दिवशी सकाळी खडकाच्या फटीतून बोटभर धार सुटली आणि दुपारपर्यंत खड्डा गुडघाभर भरला. बायका हसत, डोळे पुसत हंडे बुडवू लागल्या.

"चिमाजीबुवांनी पाणी काढलं!" कुणीतरी ओरडलं.

"म्या न्हाई," चिमाजी म्हणाले. "मला काय बी दिसलं नव्हतं. आजींच्या शेरडांनी दावलं, जनाईनं दिलं."

हे बोलताना त्यांना कमीपणा वाटला नाही. उलट डोक्यावरचा भारा कुणीतरी हात लावून उतरवून घ्यावा, तसं झालं. माणसांचे हंडे भरले, मग शेळ्या पोटभर प्याल्या. त्यानंतर चिमाजींनी ओंजळ धरली.

"चला आता," सगुणाबाईंनी हाक मारली, "भाकरी निवती."

तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती.