हौसाबाईचा पाय आणि मी

मी मारेकरी बोलतोय. दचकू नका. देवबाग गावासमोर समुद्राच्या पाण्याखाली एक काळं खडप, म्हणजे खडक, आहे, त्याच्या कपारीत राहणारा लाल स्पंज मी. भांडी घासायचा नव्हे हो! तो कारखान्यात जन्मलेला, माझ्या नावावर जगणारा तोतया. मी जिवंत प्राणी आहे. मला डोळे नाहीत, कान नाहीत, तोंडसुद्धा धड नाही. तरी बोलतोय, कारण जे झालं ते माझ्याइतकं सरळ कोणी सांगणार नाही.

वाळूच्या कणाएवढा होतो तेव्हा लाटेनं उचललं आणि खडपावर आपटलं. चिकटलो तो चिकटलोच. तुम्हाला वाटेल, एका जागी बसून खायचं, काय मजा आहे! मजा कसली, डोंबलाची! मासे येऊन लचके तोडतात, शेवाळ छाताडावर बसतं, शेजारचं पोवळं हळूहळू अंगावर पसरतं आणि खालून गुदमरवून मारतं. समुद्रात दयामाया नावाची चीज नाही. मला पळता येत नाही की चावता येत नाही. मग मी अंगभर काचेच्या बारीक सुया वाढवल्या आणि पोटात विष शिजवलं. थोडं मी करतो, थोडं माझ्या अंगात बिऱ्हाड करून राहिलेले सूक्ष्म जीव करतात.

ते शेजारचं पोवळं माझ्यावर चाल करून आलं, तेव्हा मी त्याला कडेकडेनं जाळत पांढरं केलं. पाण्याबरोबर शिरणारे जंतू मी गाळून खातो, आणि जे उलटतात त्यांना मारतो. मला त्याची लाज वाटत नाही. ज्याला पाय नाहीत त्याला विष बाळगावंच लागतं.

गुरुदास त्या खडपावर बुडी मारून कालवं काढायचा. एकदा त्याचा हात मला घासला. हात असा टरारून सुजला की त्याला भाकरी मोडवेना. तेव्हापासून तो मला ‘आग्यो’ म्हणायचा आणि लांबून जायचा. आमचं बरं चाललं होतं.

त्याची मुलगी तेजस्वी गोव्याला एका प्रयोगशाळेत रसायनांचं काम करते. समुद्रातल्या जीवांच्या विषातून औषध निघतं का, हे शोधायचं तिचं काम. तिनं बापाकडे माझा तुकडा मागितला. गुरुदासनं हातमोजा घालून सुरी चालवली. मला दुखलं का? दुखलं! पण मी तुकड्यानं मरणारा नव्हे, जखम भरून पुन्हा वाढलो.

त्याच दिवसांत गुरुदासच्या बायकोला, हौसाबाईला, लागलं. ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला, किनाऱ्याच्या उघड्या खडपांवर अनवाणी हिंडून कालवं फोडायची. कालवाच्या शिंपल्याची धार अंगठ्यात घुसली. तिला आधीच साखरेचा आजार. अंगठा सुजला, निळा पडला, त्यातून घाण पाणी येऊ लागलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, एकाही औषधाला ते जंतू बधेनात. शेवटी डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल.

“अंगठो नाय तर खडपार पाय खंय रोवू?” हौसाबाई उसळली. “मेलंय तरी काढूक देवचंय नाय!”

आणि नेमका त्याच आठवड्यात तेजस्वीचा फोन आला. आनंदानं तिचा आवाज फाटत होता.

“आई, तुझ्या पायात आसत तसल्याच जंतूंका आग्याच्या रसान मारल्यान गो! काचेच्या ताटलीत सगळे साफ!”

पुढे ती म्हणत होती की औषध व्हायला वर्षं लागतील, आधी रस शुद्ध करायचा, मग त्याचे भाग वेगळे करायचे, मग तपासायचं. पण ते ऐकायला गुरुदास होता कुठे? तो होडीकडे धावत सुटला होता.

त्याचा बाप शिंगाळा माशाचा काटा लागला की मुळी वाटून लेप द्यायचा. त्या घराचा शब्दच होता, समुद्रातलं दुखणं समुद्रातच उतरतं. खडपावरच लागलं, खडपावरचंच औषध, आणि वर शिकलेल्या मुलीनं सांगितलेलं! आणखी काय पाहिजे माणसाला? त्यानं मला कपारीतून अर्ध्याहून अधिक कापलं आणि बादलीत समुद्राचं पाणी घालून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणून ठेवलं. मग एक तुकडा चिमट्यानं उचलला, पाट्यावर टाकला आणि वरवंट्यानं रगडला.

अहो, मला जर ओरडता आलं असतं ना! माझ्या सुया मोडून त्यांची धार आणखी बारीक होत होती. मी जे विष थेंबथेंब सोडतो, ते सगळं एकदम पाट्यावर पसरलं होतं. त्यात त्यानं खोबरेल घातलं आणि तो लगदा हौसाबाईच्या उघड्या जखमेवर थापून वर फडकं आवळलं.

हौसाबाईनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारचे हरिश्चंद्र तात्या जेवणावरून उठून आले.

“काढा ओ तां! पाय पेटलो माझो! काढा!”

“सोस गो जरा,” गुरुदासनं तिचा गुडघा दाबून धरला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “जळता म्हणजे लागू पडता.”

बघा हं, हे माणसांचं शास्त्र! कडू असेल तर गुणकारी, आणि जळलं तर फारच गुणकारी. मी जंतू ओळखून मारत नाही हो. मला जिवंत पेशी दिसली की मी मारतो. ती जंतूची की गुरुदासच्या बायकोची, ते मी कसं विचारणार?

फडकं दुसऱ्या दिवशी सोडलं. कातडी फडक्याबरोबर सोलून आली. खालचं मांस काळं पडलं होतं, आणि जंतूंना आत शिरायला आता अंगठाच नव्हे, अख्खं पाऊल उघडं होतं. गाडी करून तिला गोव्याला नेलं. ताप मेंदूला चढायला लागला होता. डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय कापला. तेव्हा कुठे ती जगली.

घरी परतल्यावर तेजस्वी बापावर तुटून पडली.

“बाबा, ताटलीत कातडी नसता! ताटलीत माणूस नसता! माका एकदा विचारलास काय?”

गुरुदासनं पहार उचलली आणि होडी काढली.

पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, म्हणून तो पहारेनं बोलला. पहिल्या घावात माझं मूळ सुटलं, दुसऱ्यात चिंध्या झाल्या. तो वेड्यासारखा हाणत होता. पहार फेकून त्यानं मला नखांनी ओरबाडलं, आणि मीही शेवटपर्यंत त्याचे हात जाळले. आमच्या दोघांच्या रगाड्यात कपारीतले खेकडे चिरडले, पोवळी फुटली, त्याच्या बोटांतून रक्ताचे धागे वर गेले. माझे तुकडे खालच्या चिखलात पडून गुदमरले. श्वास संपला तेव्हाच तो वर गेला.

उरला तो फक्त खळ्यातल्या बादलीतला, शिळ्या पाण्यात कसाबसा तग धरलेला मी. सुजलेल्या हातांनी गुरुदासनं बादली उचलली, मला उन्हात ओतायला. तेजस्वी हातात स्पिरिटची बरणी घेऊन दारात उभी होती. तिच्याकडचा पहिला तुकडा प्रयोगात संपला होता. पण आईच्या त्या कापलेल्या पायासमोर मला मागायचं तोंड तिला नव्हतं.

“थांबा,” खळ्यातल्या खाटेवरून हौसाबाई म्हणाली. “तेका कित्याक मारतास? तो इल्लो आपल्या घराक? तुमीच आणलास तेका.”

गुरुदासनं बादली खाली ठेवली आणि तो मोठ्यानं रडला. अगदी लहान पोरासारखा, खळ्यात, सगळ्यांसमोर.

हौसाबाईनं बादली जवळ ओढून घेतली, मला चिमट्यात धरलं आणि तोंडासमोर आणलं. मी आजवर खूप जणांना मारलं, पण कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

“मेल्या, माझो पाय खाल्लंस,” ती म्हणाली. “आता दुसऱ्या कोणाचो तरी वाचव.”

आणि तिनं स्वतःच्या हातानं मला बरणीत टाकलं.

आता मी प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. जीव गेला, विष शाबूत आहे. तेजस्वी ते थेंबाथेंबानं वेगळं करते. कोणता अंश जंतूला मारतो आणि कोणता माणसाला जाळतो, ते निवडते. पुष्कळदा फसते, चिडते, पुन्हा मांडते. तिला वेळ द्या. आणि हात जोडून सांगतो, माझ्या कुळातल्या कोणाला पाट्यावर घेऊ नका. आम्ही औषध नाही आहोत. आमच्यातून औषध काढावं लागतं, आणि ते निघेलच असंही नाही.

रोज संध्याकाळी हौसाबाईचा फोन येतो.

“कोणाचो पाय वाचलो काय गो?”

“नाय गो आई. अजून नाय.”

“बरां,” म्हणते ती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.