बक्षिसाचं कपाट

बक्षीस मिळायच्या आधी बक्षिसासाठी काचेचं कपाट करून घेणारा माणूस पिंपळनेरात एकच होता, आणि दुर्दैवानं तो आपणच आहोत, हे भाईदास सरांना पक्कं ठाऊक होतं. इसाक मिस्तरीनं कपाट सागाचं केलं होतं, आत छोटा दिवाही लावून दिला होता. "सर, यात ठेवणार काय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा सरांनी गूढ हसून दाखवलं. त्यांच्या पत्नी मंदाबाईंनी मात्र घरी स्पष्टच सांगितलं, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

तुरी म्हणजे राज्यातल्या उत्कृष्ट छोट्या संग्रहालयाचा वार्षिक पुरस्कार. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर भाईदास सरांनी जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्यांत लोकजीवन संग्रहालय मांडलं होतं. नांगर, जाती, समया, घंगाळी, गोधड्या. सलग सहा वर्षं ते पुरस्काराचा अर्ज भरत होते, आणि सहाही वर्षं उत्तर आलं नव्हतं. सातव्या वर्षी, एक्क्याण्णवच्या श्रावणात, पत्र आलं की समिती पाहणीला येत आहे. त्याच दिवशी सरांनी आभाराचं भाषण लिहायला घेतलं. तीन पानांचं झालं. ते त्यांनी आरशासमोर पाठ केलं आणि 'मी एक सामान्य माणूस' या वाक्याला मान किती झुकवायची तेही ठरवून टाकलं.

एकच घोटाळा होता. समिती येणार होती सोमवारी, आणि त्याच्या आदल्या रविवारी कानबाई, खानदेशची नारळातली देवी, एका रात्रीसाठी बसणार होती.

संग्रहालयातली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे झुंबरबाईंचा कोरीव चौरंग. घर गळतं, लाकूड कुजेल, म्हणून म्हातारीनं तो सरांकडे ठेवायला दिला होता. 'दरवर्षी कानबाईला परत द्यावा' असं सरांनी स्वतः वहीत लिहिलं होतं आणि शेजारी तिचा अंगठा घेतला होता. शनिवारी सकाळी ती ठरल्याप्रमाणे आली.

"सर, चौरंग लेवाले उनू."

"अक्का, यंदा नको. परवा मुंबईची समिती येतेय. एक वर्ष दुसऱ्या चौरंगावर बसवा ना."

"सात पिढ्या बाई याच चौरंगवर बसनी. ती काय तुनी शायमातली पोर शे, दुसरा बाकवर जाई बसाले?"

वही टेबलावरच होती. सरांनी हळूच वहीवर वर्तमानपत्र ठेवलं. चाळीस वर्षं मुलांना 'दिला शब्द पाळावा' हा सुविचार फळ्यावर लिहून दिलेल्या हातानं त्यांनी हे केलं, आणि त्यांना लाज वाटली. पण कपाटातला दिवा समोरच पेटलेला होता.

झुंबरबाईंनी तो दिवाही पाहिला आणि वर्तमानपत्रही पाहिलं. "चौरंग बाहेर जात नही ना?" ती उठत म्हणाली. "मंग बाईच आठे येई."

सरांना वाटलं, म्हातारी रागानं बोलली. रविवारी दुपारी डफ वाजत गल्लीतून झुंबरबाईंचे सगळे भाऊबंद आले. पुढे डोक्यावर कानबाईचा नारळ घेतलेली झुंबरबाई, मागे बायका, परड्या, रोटांच्या, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांच्या, टोपल्या. सरांना दारातच अडवता आलं असतं. पण तेवढ्यात त्यांना पुरस्काराच्या अर्जातला एक रकाना आठवला: 'लोकसहभाग, गुण दहा.' दहा गुण चालत दारात आलेले पाहून सरांनी दार सताड उघडलं.

मग जे व्हायचं तेच झालं. कानबाई चौरंगावर बसली, नथ ल्याली, नटली. समई लागते म्हणून क्रमांक एकतीसची समई खाली उतरली. पाय धुवायला क्रमांक बाराचं घंगाळ आलं. ज्यांनी वस्तू दिल्या होत्या त्यांनी त्या हक्कानं काढल्या. सर मागे मागे चिठ्ठ्या घेऊन फिरत राहिले, आणि शेवटी एका म्हातारीनं त्यांच्याच हातात आरतीचं ताट दिलं.

सोमवारी दहाला धुळ्याहून समितीची जीप आली. समितीत तिघे होते. अध्यक्ष सफारी घातलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. आत धुपाचा धूर, डफ आणि फुगड्या. अध्यक्षांनी घंगाळात वाकून पाहिलं.

"हे नोंदीतलं आहे ना? मग यात पाणी कसं?"

"जिवंत प्रदर्शन आहे साहेब," सर म्हणाले. रात्रभर घोकलेलं वाक्य होतं, पण तोंडातून ते गुन्ह्याच्या कबुलीसारखं बाहेर पडलं.

तरीही सगळं निभावलं असतं. अध्यक्ष हसले होते, एकानं फोटोही काढला होता. पण सरांना अजून काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी टोपलीतला एक रोट उचलला, ताटलीत ठेवला आणि अध्यक्षांपुढे धरला. "प्रसाद घ्या साहेब."

अध्यक्षांनी तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत पोचला असेल-नसेल, झुंबरबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

"रोट भाऊबंदसनीच खावाना रहास. दुसरानी नही."

डफ थांबला. पिंपळनेरात इतकी वर्षं काढून, लोकजीवनाचं संग्रहालय चालवून, रोट बाहेरच्याला देत नाहीत एवढं साधं सरांना आठवलं नव्हतं. सरही बाहेरचेच. मूळचे एरंडोलकडचे, त्यांच्या घरी कानबाई बसतच नसे. अध्यक्षांनी रुमालानं बोटं पुसली, घड्याळ पाहिलं, आणि जीप साक्रीच्या रस्त्याला लागली.

त्या दुपारी बायकांनी कानबाईला नदीवर नेऊन निरोप दिला. संध्याकाळी झुंबरबाई पुसून लख्ख केलेला चौरंग घेऊन आली, जागेवर ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. तिनं शब्द पाळला होता. सरांना त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

दिवाळीनंतर पत्र आलं. 'आपल्या संग्रहालयातील वस्तू अद्याप वापरात असल्याचे आढळून आले. सबब आपला विचार करता येत नाही.' सरांनी ते कपाटात ठेवलं आणि दिवा लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतःच वाचून दाखवायचे, 'सबब' या शब्दाला मान झुकवून. तेवढीच पाठांतराची वसुली. लोक पोटभर हसायचे, सरही हसायचे. आठव्या वर्षी त्यांनी अर्ज मागवला नाही.

पुढच्या श्रावणात, कानबाईला चार दिवस बाकी असताना, कोणी मागायच्या आत सरांनी चौरंग डोक्यावर घेतला आणि झुंबरबाईंच्या दारात नेऊन ठेवला. क्युरेटरच्या डोक्यावर चौरंग बघून गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. झुंबरबाई ओट्यावर रोटाचे गहू घेऊन बसली होती. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, असं चाललं होतं. सुपडू झाला, झुलाल झाला, मुंबईला गेलेला नातू झाला.

"मागच्या वर्षी माझं चुकलं, अक्का," सर म्हणाले.

म्हातारीनं मान वर केली नाही. पुन्हा मूठ भरली. "भाईदास," ती म्हणाली आणि गहू सुपात टाकले.

"अक्का, मी कुठं तुमचा भाऊबंद?"

"बाई तुना घर बसनी. वरीसभर तिना चौरंग तू पुसस. मंग कोन शे तू?" तिनं सूप त्यांच्यापुढे सरकवलं. "बस आते. खडा निवड."

सर बसले. तीन पानांचं भाषण त्यांना अजून पाठ होतं, पण त्या क्षणी एकही ओळ आठवेना. डोळे भरले होते, आणि ते खाली मान घालून भराभरा निवडत राहिले.

"सर," थोड्या वेळानं झुंबरबाई म्हणाली, "खडा फेकाना रहास. तू गहू फेकी राह्यना."