मी शिवणबाईंचा तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. मला लोखंडी म्हणू नका, राग येतो. मी बिडाचा आहे, काठाला खोल आणि वजनाला असा, की एका हाताने उचलणाऱ्याचं मनगट बोलू लागतं. ओल्या वाळूच्या साच्यात लालबुंद रस ओतून मला घडवलं. मग भांड्यांच्या दुकानात तळाच्या फळीवर मी वर्षभर धूळ खाल्ली. एके दिवशी एक बाई आल्या, मला टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "हा द्या."

त्या घरी शिवणकाम करत. गल्लीत सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच लेक, तायडी. पहिले आठ दिवस बाईंनी माझ्यात काहीच शिजवलं नाही. तेल चोळायच्या, तापवायच्या, पुसायच्या, पुन्हा चोळायच्या. खडबडीत राखाडी होतो, तो काळाकुळकुळीत झालो.

वरच्या मजल्यावर एक म्हातारा इटालियन चष्मेवाला राहायचा. बाईंनी त्याच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलर उलटून शिवून दिल्या, म्हणून त्याने त्यांना आपल्याकडची एक भाजी शिकवली. पेपेरोनाता. नाव भारदस्त, भाजी साधी. लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्यांचे बोटभर रुंद काप, उभा चिरलेला कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, सालं काढलेले टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. आधी कांदा, तो लाल होऊ द्यायचा नाही. मग मिरच्या, मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून. शेवटी टोमॅटो आणि चमचाभर व्हिनेगर.

"हलवायचं कमी, वाट बघायची जास्त," बाई तायडीला सांगायच्या. "आणि शिजली की लगेच काचेच्या भांड्यात काढायची. आंबट माझ्या तव्यात ठेवायचं नाही." पाऊण तासाने मिरच्या अशा मऊ व्हायच्या, की तायडी पावाच्या तुकड्याने माझा तळ पुसून खायची. ते माझे सुखाचे दिवस.

तायडी मोठी झाली, स्वयंपाकाचं शिक्षण घेऊन आली आणि तिने एक छोटं रेस्टॉरंट काढलं. "आई, मला तू हवीस आणि तुझा तवा हवा. बाकीचं मी बघते." बाईंनी शिलाई मशीनवर कापड घातलं आणि मला पिशवीत घालून निघाल्या. आठ महिने रोज सकाळपासून त्या मागच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. लोक मुख्य पदार्थ अर्धा टाकायचे, पण बाजूला वाढलेली मिरच्यांची भाजी पुन्हा मागायचे.

मग एका दुपारी वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिणारे गृहस्थ आले. जेवण झाल्यावर तायडीने त्यांना आत आणलं. त्यांनी विचारलं, "ही भाजी कुणाकडून शिकलात?"

बाई बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी त्यांच्या हातात होतो.

"इटलीत," तायडी म्हणाली. "एका खेड्यातल्या आजीकडून. तिने मला तिचा तवासुद्धा दिला."

"आणि या?"

"या मदतीला असतात."

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी मला कोरडं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं, जागेवर पालथं घातलं. गृहस्थ गेल्यावर एप्रन काढून घडी केली. "उद्यापासून येत नाही गं. गुडघे दुखतात."

"अगं, उद्या चाळीस जण यायचेत! आई, ते बोलायचं असतं तसं. लोकांना गोष्ट लागते."

"हो का," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

नवा आचारी आला. त्याला घाई फार. आच मोठी, मिरच्या वरून करपलेल्या, आतून कचकचीत. उरलेली भाजी माझ्यातच पडून राहायची. तारेच्या घासणीने खरवडून तो मला ओलाच ठेवायचा. माझं काळं कवच निघालं, गंज चढला, भाजीला धातूची कडवट चव येऊ लागली. ताटं परत यायला लागली. शेवटी तायडीने फोन स्पीकरवर लावून माझ्याशेजारी ओट्यावर ठेवला.

"आई, चव येत नाही. तू काय घालायचीस?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "त्या खेड्यातल्या आजीला विचार." फोन बंद झाला.

तायडीने पुन्हा लावला नाही. ती भाजी यादीतून काढली. मी भिंतीवर सपाट बसावं म्हणून सुताराकडून माझ्या पोटात आरपार भोक पाडून घेतलं, बोल्ट कसला आणि खाली पाटी लावली: 'इटलीतल्या एका आजीचा तवा'. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

गेल्या महिन्यात बाई आल्या होत्या. तायडी बाहेर गेली होती. "माझा तवा न्यायला आलेय," त्या वेटरला म्हणाल्या. त्याने वर बोट केलं. बाईंनी पाटी वाचली. हात उंचावून माझ्या काठावरून बोट फिरवलं, ते बोल्टपाशी येऊन थांबलं.

"आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. वेटरने दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही.

मित्रांनो, बिडाचं भांडं ओलं ठेवू नका, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. ज्या हातचं खाऊन तुम्ही मोठे झालात, त्या हाताचं नाव घ्या. ते माणूस समोर असताना, चारचौघांत, मोठ्याने घ्या. तायडी दिवसातून पन्नास वेळा माझ्याखालून जाते. अजून एकदाही तिने वर बघितलेलं नाही.