व्याह्यांच्या गाडीला चुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे, एका कडेचा टवका उडालेला. वय झालं असलं तरी माझी पकड अजून सुटलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्याला तेवढी बढाई माफ असते, मित्रांनो.

माझं लहानपण पलूसच्या एका मांडववाल्याच्या कर्ण्यात गेलं. लग्नांतल्या मंगलाष्टका, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं माझ्याच अंगावरून बाहेर पडायचं. एका वरातीत आवाज इतका वाढवला की कर्णा कायमचा बसला आणि आमची रवानगी सांगलीच्या भंगारात झाली. तिथून यल्लाप्पा मिस्त्रींनी मला उचललं. माधवनगर रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि हवेत कायम ऑइलचा वास. गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी अंजनाबाईंनी मला फलालीनचं झबलं शिवलं.

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की जाणते लोक ती आधी यल्लाप्पांना दाखवत. ते मला गाडीच्या अंगावरून फिरवत. पत्रा असेल तिथं मी चिकटायचो. जिथं ठोकर बसलेली असे आणि चेपलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग फासलेला असे, तिथं माझी पकड सुटायची. मग यल्लाप्पा गाडीखाली शिरत, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावत, रस्त्यावर नेऊन ब्रेक दाबून बघत. सगळं झाल्यावरच तोंड उघडत. पण असे जाणते लोक थोडेच. आटपाडीच्या बाजारात बैलाचे दात बघणारे, त्याला चार पावलं चालवून बघणारे गडी मोटार म्हटली की चकाकीवर भाळायचे! मला फार हसू यायचं.

चौऱ्याण्णव सालच्या एका सकाळी मात्र मला हसू आलं नाही.

पलूसचे जोतीराम सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. त्यांच्या पत्नी लीलाबाईंना मूत्रपिंडाचा विकार होता. आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागे आणि एसटीच्या धक्क्यांनी त्या अर्ध्या होत. म्हणून सुभेदारांनी एक पांढरी फियाट ठरवली होती. ती होती लालासाहेबांची, म्हणजे सुभेदारांच्या मुलीच्या सासऱ्यांची. लालासाहेबांनी स्वतः ती साताऱ्याहून चालवत आणली होती. बरोबर सून राजेश्वरी होती आणि मागच्या सीटवर दोन वर्षांची नात झोपली होती. गाडी नावावर करून घ्यायला मंडळी सांगलीत आली, ती वाटेत आमच्याकडे थांबली. डिकीत पूजेचा नारळही तयार होता.

"हवा बघ रं आन् पानी घाल," सुभेदार म्हणाले. "बाकी कायबी बघू नगंस."

यल्लाप्पांनी मला खिशातून काढलंच होतं. "आवं सुभेदार, वैनी बसनार हायत. येकदा बघून घेतो की."

"व्याह्यांची गाडी हाय, गड्या!" सुभेदारांनी आवाज खाली आणला. "तिला चुंबक लावला तर पोरीनं सासरी तोंड कसं दावायचं?"

यल्लाप्पांनी मला परत खिशात घातलं. तिथं अंधारात मी नुसता चडफडत राहिलो. एकाहत्तरच्या लढाईत गोळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस, पण व्याह्यांपुढं त्याची जीभ उचलत नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

तेवढ्यात राजेश्वरी गाडीतून उतरली. तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

"मामंजी, रागवू नगासा," ती सासऱ्यांना म्हणाली. "तुमी फसवताय आसं मी म्हनत न्हाई. पर माझी आई बसनार हाय ह्यात. यल्लाप्पादादा, लावा तुमचा चुंबक."

सुभेदारांचा चेहरा उतरला होता. शेवटी लालासाहेब तुटकपणे म्हणाले, "लाव बाबा. माझ्या पोटात पाप न्हाई."

यल्लाप्पांनी मला बॉनेटवर ठेवलं. मी घट्ट बसलो. दारांवरही बसलो. पुढच्या डाव्या चाकाच्या वर मात्र मला धरायला काहीच मिळेना. मी सरळ घसरलो आणि फरशीवर आपटलो. हा टवका उडाला तो तेव्हा.

यल्लाप्पा बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. बराच वेळ त्यांचे पायच दिसत होते. बाहेर आले ते कपाळ पुसत.

"चाक ज्या लोखंडाला धरून आसतंय, त्येच मोडलंय. वरवर वेल्डिंग करून काळा रंग मारलाय. येखाद्या खड्ड्यात चाक निखळलं आसतं."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. लालासाहेब जागचे हलले नाहीत. "दोन वर्सं झाली घिऊन," ते म्हणाले. "इकनारा लय मोठा मानूस. त्येच्या गाडीत काय बघायचं, म्हनून म्याबी बघितली न्हाई." मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. नात तोंडात अंगठा घालून गाढ झोपली होती. "आन् हिला सातारपासनं ऐंशीच्या स्पीडनं आनली की रं म्या."

त्यांनी वाकून मला उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि सुनेच्या हातात ठेवलं. "दुसरी गाडी बघूया. पर आदी ह्यो लावायचा, मग नारळ."

त्या दिवशी तो नारळ फुटला नाही. महिन्याभरानं एक जुनी अॅम्बॅसिडर वरून, खालून आणि चालवून तपासली गेली, तेव्हा फुटला. लीलाबाई त्या गाडीतून पुढं कितीतरी वेळा मिरजेला जाऊन सुखरूप घरी आल्या. दोन्ही घरांचं येणंजाणंही थांबलं नाही.

आता यल्लाप्पांची नजर अधू झाली आहे. गाड्या कमी येतात आणि मी फळीवर बारीक खिळे-चुका सांभाळत पडलेला असतो. धूळ बसते, झबलंही फाटलं आहे. त्याचं वाईट वाटतं, पण एवढंच मागणं आहे, मित्रांनो: ज्या गाडीत आपलं माणूस बसणार आहे, ती घेण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा. गाडी सोयऱ्याची असली तर आधी दाखवा.

राजेश्वरीची लेक आता मोठी झाली आहे. सांगलीला आली की ती मला हातात घेते, टवक्यावरून बोट फिरवते आणि विचारते, "आजोबा, ह्यो कवा उडाला?"

यल्लाप्पा म्हणतात, "तू झोपली हुतीस, तवा."