काचेच्या हॉटेलातलं काळं तेल

मित्रांनो, माझ्यात तळलेलं तुम्ही कधी ना कधी खाल्लं असेल, पण वाकून माझ्या पोटात मात्र कुणी पाहिलं नसेल. भिलाईच्या सुपेला बाजारात एका हातगाडीवर बसवलेला मी एक जुना फ्रायर. स्टीलची चौकोनी टाकी, आत तेल, खाली गॅसचा जाळ, वर तारेच्या दोन जाळ्या, एवढाच माझा संसार. रायपूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा माझ्या अंगात लोकांना आपलं तोंड दिसत असे. आता अंगाला बोट लावलं तर ते चिकटतं.

माझे पहिले मालक सूर्यकांतदादा. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून दुर्गचं. त्यांनी भिलाईत मोठ्या रस्त्यावर काचेचं, थंडगार हॉटेल काढलं आणि पहिल्याच दिवशी मला हार घातला. "ही आपली लक्ष्मी आहे, हिला जपा," असं त्यांनी सगळ्या नोकरांना सांगितलं. मी अगदी फुलून गेलो.

तिथे डॉक्टर यायचे, ठेकेदार यायचे, मोठे अधिकारी सहकुटुंब यायचे. फ्राइजची मोठी बादली मागवायची, फोटो काढायचे, चार तुकडे तोंडात टाकायचे आणि बाकीचं तसंच सोडून उठायचं. मी तळलेल्यातलं निम्मं मागच्या दाराने कचऱ्यात पडे. उन्हाळ्यात त्या ढिगाला असा वास सुटे की मोकाट कुत्रीही हुंगून पुढे जात. मला त्या माणसांची किळस यायची. पण घाण माझ्या बाहेर आहे, आपण स्वच्छ आहोत, अशी मी मनाची समजूत घालत असे.

चौथ्या दिवशी माझं तेल गडद तपकिरी होई. वर फेस धरे, कडवट धूर निघे. मग ते टिनाच्या डब्यात भरून मागच्या दारी ठेवत आणि मला नवं तेल मिळे. एकदा दादांची मुलगी सई स्वयंपाकघरात आली होती. ती कॉलेजात शिकत असे. डब्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "पापा, ये काला तेल जाता कहाँ है?"

"साबणाच्या फॅक्टरीत," दादा म्हणाले.

सईला काही खायचं झालं की दादा ते माझ्यात तळू देत नसत. तिच्यासाठी छोटी कढई आणि तेलाचं नवं पाकीट निघे. मला वाटे, एकुलत्या एका मुलीचे लाड आहेत, दुसरं काय!

पाच वर्षांनी हॉटेलात नवं विजेचं यंत्र आलं. मला सिलिंडरच्या आडोशाला ढकललं. मागे काय पडून आहे, हेही कुणी पाहीनासं झालं. शेवटी मला प्रवीणने विकत घेतलं. प्रवीणचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून पोलाद कारखान्यात लागले होते. प्रवीणला मात्र तिथे नोकरी मिळाली नाही. म्हणून तो आणि त्याची बायको रेणू सुपेल्यात गाडी लावून मोमो आणि चिकन विकत. रेणूने मला राख आणि तारेची घासणी घेऊन दोन दिवस घासलं. "पाहा जी, कसा चमकून राहिला! अजून दहा वर्सं चालते हा," ती म्हणाली. मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक ऑटो आला आणि त्यातून टिनाचा डबा उतरला. तेल माझ्या पोटात पडताच मी ते ओळखलं. तोच कडवट वास, तळाशी तोच फ्राइजचा जळका चुरा. दादांची साबणाची फॅक्टरी म्हणजे ही हातगाडी होती!

काचेच्या हॉटेलात जे तेल चार दिवस चाले, ते इथे आणखी आठ दिवस चालू लागलं. कमी झालं की वरून तसलंच ओतायचं. दिव्यावरचे किडे टपटप माझ्यात पडत. प्रवीण झाऱ्याने ते बाजूला काढी आणि त्याच घाण्यात मोमो सोडी. लोक मिटक्या मारत खात. प्रवीण आणि रेणूची भाकर-भाजी मात्र घरून डब्यात येई. गाडीवरचं ते तोंडात घालत नसत.

आमचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीतले, सेक्टर ६ मधले तेजरामकाका. कारखान्यातून निवृत्त व्हायला त्यांना दोन वर्षं उरली होती. पूर्वी ते पगाराच्या दिवशी नातीला, पायलला, स्कूटरवर घेऊन येत. पुढे आठवड्यातून चारदा येऊ लागले. घरी संध्याकाळची चूल बंदच झाली होती. "पोरीले घरची पोळी गिळतच नाही," ते हसून सांगत. पायल सात वर्षांची. दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागे.

तेल डांबरासारखं झालं की रेणू ते मनकर्णामावशीला देई. मावशी गाडीवर प्लेटा धूत. त्यांचा मुलगा हथखोजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे राबे. घरात खाणारी तोंडं सहा. "न्या मावशी, भाजीले होईल," रेणू म्हणे आणि मावशी तिला तोंडभर आशीर्वाद देत.

असं वर्षभर चाललं. एका शनिवारी संध्याकाळी गाडीवर खूप गर्दी होती आणि त्या गर्दीत सई मैत्रिणींसोबत उभी होती! "यहाँ का टेस्ट पापा के हॉटेल में आता ही नहीं," असं म्हणत तिने तळलेले मोमो घेतले. ती अर्धी प्लेट खाते तोच तिला घ्यायला दादांची गाडी आली. दादा उतरले आणि मुलीच्या हातातली प्लेट पाहून ओरडले, "थुंक ते! सई, आधी थुंक!"

"पापा, क्या हुआ?"

"कसल्या तेलात तळतात हे लोक, माहीत आहे तुला?"

रेणूने झारा खाली ठेवला. "कसल्या म्हणजे, साहेब? तुमच्याच हाटेलातून आलेलं आहे. डबा हा पाहा, इथंच पडला आहे."

सईने डब्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "ये है साबुन की फैक्टरी?" एवढंच ती बोलली आणि नालीशी जाऊन भडाभडा ओकली. दादांनी तिच्या पाठीला हात लावला, तो तिने झटकला. ती मैत्रिणीच्या स्कूटरवर बसून निघून गेली.

गर्दीत पायलला घेऊन तेजरामकाकाही उभे होते. त्यांनी विचारलं, "प्रवीण, खरं आहे का हे?"

"काका, साऱ्याच गाड्यायवर हेच चालते," प्रवीण मान खाली घालून म्हणाला.

काकांनी हातातल्या प्लेटकडे पाहिलं. मग पायलला म्हणाले, "आता पैसे देल्ले आहेत. खाऊन घे लवकर."

मित्रांनो, वर्षभर माझ्या पोटात किडे तळले गेले, पण त्या वाक्याने मला जेवढी शिसारी आली तेवढी कशानेच आली नव्हती. रेणूने पुढे होऊन पायलच्या हातून प्लेट काढून घेतली आणि माझा गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. "लोकायले चालते, मंग तुले कावून चालत नाही?" प्रवीणने विचारलं.

"मावशीले मी देत होती ते. माह्या हातानं," रेणू म्हणाली आणि रडू लागली.

ताजं तेल येईपर्यंत तिने गॅस पेटवू दिला नाही. मग प्लेट दहा रुपयांनी महागली आणि निम्मं गिऱ्हाईक ओळीतल्या तिसऱ्या गाडीवर गेलं. तेजरामकाकाही गेले. डब्याचा ऑटो आता तिथे थांबतो. प्रवीण रोज कुरकुरतो, पण तेल बदलतो.

मनकर्णामावशी आता आमच्या आणि त्या, अशा दोन्ही गाड्यांवर प्लेटा धुतात. रेणूने त्यांना सांगितलं, "मावशी, तिकडून मिळते ते काळं तेल फेकून द्या."

"फेकू? मंग भाजी कायच्यात करू, बाई?"

तेव्हापासून रेणू दर सोमवारी त्यांच्या पिशवीत तेलाचं नवं पाकीट ठेवते. महिन्याने तिने विचारलं, "कशी होते आता भाजी?" मावशी आनंदाने म्हणाल्या, "तुह्यं तेल लय चांगलं आहे, पोरी. चारही पाकिटं पाहुण्यायसाठी ठेवली. आमाले काय, तिकडच्या गाडीवरचं चालते."

पुढच्या सोमवारी रेणूने पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला, तेल स्वतः मावशींच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि मगच डबा त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, गाडीवर उभे राहिलात तर आधी वाकून तेल पाहा. काचेच्या हॉटेलात बसलात तर तिथलं काळं तेल कुठे जातं ते विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत प्लेट हातात घेऊ नका. पैसे दिले असले, तरीही.