ओग्न्यानचा फोटो

आमच्या बल्गेरियात माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद फाटकावर, खांबावर, बसथांब्यावर लागतो आणि ऊनपावसात विटेपर्यंत तिथेच राहतो. सिनेमाचा नेपथ्यकार ओग्न्यान याने डोंगराखालची ही गल्ली निवडली ती अशा कागदांसाठीच. पण आपला मृत माणूस पडद्यावर दाखवायला नातेवाईक तयार होईनात, आणि खोट्या कागदासाठी फोटो द्यायला एकही जिवंत माणूस पुढे येईना. शेवटी त्याने गल्लीभर स्वतःचाच फोटो लावला. कागद चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून इतके जुने केले, की पाहणाऱ्याला वाटावं, बिचारा जाऊन महिना तरी झाला.

हे कौशल्यच नडलं. सकाळी बस घेऊन गेलेला ड्रायव्हर रादोय दुपारी परतला आणि ओग्न्यानला पाहून दोन पावलं मागे सरला.

"तू जिवंत आहेस?"

"दिसतोय ना!"

"अरे, मी तुझ्या गावात सांगून बसलो! बायका म्हणाल्या, महिना झाला आणि आईला कुणी कळवलंसुद्धा नाही? निघाल्या तिच्याकडे."

आई, त्सोना, पलीकडच्या त्याच गावात एकटी. काळीज औषधांवर चाललेलं. ओग्न्यानने फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"ऊन जातंय!" दिग्दर्शक ओरडला. "शॉट घेऊन मग जा."

"तोवर आईचा खरा कागद लागेल," म्हणत ओग्न्यानने गाडी काढली.

वाटेत मेंढ्या आडव्या आल्या. एरवी असा कळप मिळावा म्हणून तो मेंढपाळांच्या विनवण्या करायचा. आज हॉर्न बडवत सुटला.

घराचं फाटक सताड उघडं होतं. अंगणात काळे रुमाल बांधलेल्या बायका. त्याला पाहून एकीने छातीवर क्रूसाची खूण केली, दुसरी किंचाळली. मधल्या बाकावर आई, ताठ, डोळे मिटलेले.

"आई?"

डोळे उघडले. तिने त्याचा गाल चाचपला, कान ओढून पाहिला, मग कानाखाली सणसणीत वाजवली. हातात अजून चांगला जोर होता. ओग्न्यानला रडूच कोसळलं.

"कुठेकुठे लावलेस?"

"सगळ्या गल्लीत."

"चल. माझ्यादेखत काढायचे."

"अगं, शूटिंग..."

"मेलेल्याला कसलं शूटिंग?"

त्सोनाबाईंनी पहिला कागद टरकावला तेव्हा दिग्दर्शक धावत आला. "मावशी, काय करताय! त्याशिवाय गल्लीला अर्थच नाही!"

"मग तुझा लाव."

दिग्दर्शकाने भिंतीकडे क्षणभर पाहिलं आणि मोकळी भिंतच जास्त बोलते, असं तिथल्या तिथे जाहीर केलं.