अंगठ्याच्या नखातली दगडाबाई

त्या दिवशी सगळा गाव माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता.

बहात्तरचा दुष्काळ. सिंदफणेच्या कोरड्या पात्राकाठी आमच्या सोसायटीनं गुरांची छावणी घातली होती. तिथल्या खोपटातून सरकी पेंडीचं एक भरलं पोतं गेलं. चोर धरायला चेअरमन विठ्ठलरावांनी काजळाच्या अंजनात चोर दाखवणाऱ्या गहिनीनाथबुवाला बोलावलं. अंजन बघायला बुवाला पायाळू माणूस लागे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेलं. गावात तशी मी एकटीच. अठरा वर्षांची, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली.

बुवानं माझ्या नखावर तेलात कालवलेलं काजळ फासलं आणि गरजला, "ह्या अंजनात दिल्ली दिसती, दिल्ली! पोतं काय चीज हाय?"

"दिल्ली ऱ्हाऊ द्या, बुवा," मागून म्हातारा आश्रुबा म्हणाला, "पाऊस कुठवर आलाय, तेवढं बघा."

कुणी हसलं नाही. हसायलाही पोटात काहीतरी लागतं.

मी नखाकडे बघत राहिले. ऊन डोक्यावर आलेलं, पोटात दुष्काळी कामावरच्या सुकडीची एक मूठ. काळ्या नखात काहीतरी हलत होतं.

"माणूस दिसतं का, बायना?"

"न्हाई."

"नीट बघ. पायाळूला दिसतंच. गडी हाय का बाई?"

"बाई."

"लुगडं निळं का जांभळं?"

"जांभळं."

"डोक्यावर पोतं हाय का?"

"हाय."

गर्दीतून एकदम 'आँ' असा आवाज आला. गावात जांभळं लुगडं नेसणारी एकच होती, दगडाबाई. विधवा बाई. घरात माणूस नाही, दावणीला एक गाय. पेंड कमी मिळते म्हणून ती आठवड्यापूर्वी विठ्ठलरावांशी भांडली होती आणि बुवा सकाळचा चहा विठ्ठलरावांकडेच पिऊन आला होता. पण याचा विचार कुणी केला नाही. विठ्ठलरावांनी तिची गाय छावणीबाहेर हाकलली. बाहेर चाऱ्याची काडी नव्हती. गाय कुंपणाला तोंड लावून उभी राहिली.

मला काही वाटलं नाही. त्या वर्षी काही वाटायचंच बंद झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ढोरांचे डॉक्टर आले. उत्तरेश्वर त्यांचं नाव. अंजनाच्या वेळी ते मागच्या बाजूला बैलांना सुया टोचत होते आणि काम उरकून पुढच्या छावणीला गेले होते. गाय बाहेर बघून त्यांनी विचारपूस केली. मग सगळ्यांना गोळा केलं.

"परवा बुवानं अंजन लावलं, तवा मीबी हितंच होतो. एवढंच सांगा, त्यानं लिंबू कुठल्या हातात धरलं होतं?"

"डाव्या," एकजण म्हणाला.

"डाव्या कसलं बे? उजव्या! डोळे हायती का बटनं?"

"कुंकू लावल्यालं व्हतं," केसरबाई म्हणाली. "म्या सोता बघितलं."

मलाही आठवलं. पिवळं, देठाशी हिरवट.

"लिंबू नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "आश्रुबा, औंदा आपल्या शिवारात लिंबाचं एक झाड तरी जितं हाय का?"

"एकबी न्हाई," आश्रुबा म्हणाला.

विठ्ठलराव उसळले. "ढोराच्या डॉक्टरनं मान्साच्या डोक्यात कावून शिरावं?"

"ढोरं बरी, विठ्ठलराव. कुणी इचारलं म्हणून त्यांना कायबी आठवत न्हाई." मग ते आमच्याकडे वळले. "आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. मेंदू ती दर वेळी नव्यानं जुळवतो. जिथं तुकडा नसतो, तिथं सवयीचा बसवतो, न्हाईतर इचारणाऱ्याच्या तोंडचा. बुवाकडं लिंबू असतं, ही तुमची सवय. 'कुठल्या हातात' म्हटल्यावर सगळ्यांचं ध्यान हातावर गेलं. लिंबू होतं का, हे कुणी तपासलंच न्हाई."

मला त्यांनी विचारलं, "बुवानं इचारायच्या आधी नखात काय दिसत होतं?"

"हालतंय कायतरी."

"ती तुझ्यामागची गर्दी. तेलकट काजळाचा आरसा होतो. आणि बाई, जांभळं, पोतं हे शब्द आधी कुणी काढले?"

"बुवानं."

"भरलं पोतं उचलायला दोन गडी लागतात. ही बाई एकटी डोक्यावर घेऊन चालली?"

आश्रुबानं उठून गाय आत आणली आणि बांधली. पोतं कुणी नेलं, ते कधीच कळलं नाही.

मी दगडाबाईकडे गेले. "मावशी, माझं चुकलं."

ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन दिस समदे इचारीत व्हते, कवा नेलंस, कुठं दडवलंस. कालपासनं मलाबी दिसाया लागलं व्हतं, पोरी. म्या चाललीया, डोस्क्यावर पोतं हाय."

आता ती नाही. माझी स्मरणशक्ती मात्र सगळे वाखाणतात. माझ्या आईचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण पोतं घेऊन चाललेली दगडाबाई आजही लख्ख दिसते. तसं कधी घडलंच नव्हतं, हे ठाऊक असूनही दिसते.

म्हणून सांगते. कुणी छातीठोकपणे 'मी डोळ्यांनी पाहिलं' म्हणालं, तर त्याला खोटारडं ठरवू नका. आधी त्याला कुणी, काय आणि कितीदा विचारलं होतं, ते विचारा. पुरावा शोधा. तो मिळेपर्यंत कुणाची गाय दावणीवरून सोडू नका.